आठवड्याला एकच व्हिडिओ

गुरुवार, संध्याकाळ

माफ कर, वहीबाई, आठ दिवस तुला हात लावला नाही. जिवाला घोर होता. वर्षभर रोज एक शिवणाचा व्हिडिओ केला आणि गेल्या आठवड्यात कॅमेऱ्यासमोरच कात्री वाकडी गेली. चांगला खण वाया. सूनबाई म्हणाली, "मामंजी, आता आठवड्याला एकच. तुम्ही काय मशीन आहात?" मी तसं व्हिडिओत सांगून टाकलं. पण लोक विसरले तर? चौथी शिकलेल्या शिंप्याला एवढी माणसं पुन्हा कोण देणार? आणि ती कात्री, कशी गेली वाकडी?

आज सुनेने व्हिडिओखाली हेब्बाळच्या एका बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. "अण्णा, बरं केलंत. तुम्ही रोज नवं शिकवायचात, माझी बाही अजून टाचण्यांवरच होती. आता स्वल्प उसंत मिळाली."

म्हणजे मी एकटाच दमत नव्हतो! हे सुचलंच नाही मला. देवा, किती भली माणसं दिलीस. आज दुपारी निवांत झोपलोसुद्धा.

सुनेकडून त्या बाईंना विचारायचंय: अक्का, ब्लाउज अंगात बसला का? काखेत ओढत तर नाही ना? लवकर कळवा हो.