सात पिढ्यांचा पक्षी

प्रिय बालजान,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा माझ्या जुन्या सोबत्याला, तुराशला वाचून दाखवलं, तर खाडीतला बोरू कापायचा विळा बाजूला ठेवून तो म्हणाला, "ओराझ, बारा वर्षांनी का होईना, पोरीनं कबूल केलं की तिचा बाप, तिचा कोके शहाणा होता! मेंढा काप!" मी हसलो. मेंढा कापला नाही.

तू संग्रहालयात नवी होतीस तेव्हाचं आठवतं. पेंढा भरलेले दोन तपकिरी पक्षी टेबलावर शेजारी ठेवलेस आणि म्हणालीस, "कोके, पंख तोच, चोच तीच. जात एकच." मी म्हटलं, नदीवरचा शीळ उतरवत नेतो, आपल्या खाडीतला वर चढवून तोडतो, या दोघांची सोयरीक व्हायची नाही. तू हसलीस, "पक्ष्यांना काय सात पूर्वज विचारायचे?" मला अगदी तेच म्हणायचं होतं! आपण मुलगी बघायला गेलो तरी चेहरा नंतर, आधी सात पिढ्यांची नावं, कारण नातं चेहऱ्यावरून कळत नाही. बाजारातला मीठवाला हुबेहूब माझ्यासारखा, लोक मीच समजून त्याला सलाम करतात. पण सात काय, चौदा पिढ्यांत आमचा संबंध नाही. एकाच बोरूत लपायचं म्हटलं की रंगही एकच होतो.

आता तू लिहितेस की रक्तातून वंशावळ वाचता येते. आपला पक्षी लाखो वर्षांपूर्वीच वेगळ्या फांदीवर गेला, आणि त्याचा जवळचा नातलग निघाला डोंगरातला कुणी पिवळा पक्षी. नव्या जातीला नाव संग्रहालयातल्या जुन्या कातड्यावरूनही देता येईल, ते तू आईचं देणार आहेस. पण खाडी राखीव करायला जिवंत जोडी दाखवावी लागेल, म्हणून मे महिन्यात जाळं घेऊन येतेस.

एक गोष्ट तुला माहीत नाही. "जात एकच, सर्वत्र भरपूर," असं तुझ्या त्या वेळच्या अहवालात होतं. खाडीतला बोरू कापायच्या परवान्याचा अर्ज केला तेव्हा मी तोच कागद वर लावला. कान एक सांगत होते आणि मी तुझी सही दाखवत होतो. शेळ्या राखणाऱ्याचा बोरूचा कारखानदार काही उगाच होत नाही. तुराशला म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, तिला जास्त कळतं. तो म्हणाला, "सोयीचं असलं की बरं तुला पोरीचं पटतं."

मार्चमध्ये नौरीझच्या सणाला तू फोनवर विचारलंस, "कोके, अजून ऐकू येतो ना तो?" मी हो म्हटलं. तुझी आई गेल्यापासून तुझा आवाज इतका उजळ कधी ऐकला नव्हता, म्हणून खोटं बोललो. चार वर्षं झाली तो ऐकून. शेवटचा एकटाच होता. अख्खा वसंत हाका मारत राहिला, उत्तर आलं नाही. तुझं पत्र आल्यापासून रोज पहाटे होडी काढतो आणि बोरूच्या उरलेल्या एकेका बेटाशी कान देऊन थांबतो. जाळं आणू नकोस, बाळा. तू म्हणशील, कोके म्हातारे झाले, त्यांचे कान गेले असतील. मलाही तेवढीच आशा उरली होती. म्हणून काल जिल्ह्याच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं कानांना यंत्र लावून बारीकात बारीक आवाज काढले. सगळे ऐकू आले.

तुझाच,
कोके