बापूरावांची बॅटरी

१४ मार्च १९८८, सोमवार

आयुष्य बदललं तो क्षण: आज सकाळी, ईसीजीच्या खोलीत, नर्स वच्छलाबाईंनी एका म्हाताऱ्याच्या छातीवर लोहचुंबक ठेवलं.

म्हाताऱ्याच्या कातडीखाली काडेपेटीएवढा पेसमेकर. वर चुंबक ठेवलं की तो हृदयाकडे न पाहता, बॅटरीत जोर असेल तेवढ्याच वेगाने ठोके देतो. ते कागदाच्या पट्टीवर मोजायचे. मागच्या वेळेपेक्षा कमी भरले तर समजायचं, बॅटरी उतरत आली. हे सगळं त्या मला समजावत होत्या. माझं लक्ष नव्हतं. माझे ठोके चुंबकाशिवायच वाढले होते.

चंद्रपुरातल्या ह्या दवाखान्याला कोण्या दानशूर माणसाने कंप्युटर दिला. त्याला एसीची खोली, काचेचं दार, चपला बाहेर. पेसमेकरवाल्यांचं रेकॉर्ड त्यात चढवायला डॉक्टरांनी मला ठेवलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्राध्यापकाला डस्टर फेकून मारलं आणि कॉलेज सोडलं, ते उगीच नाही. नियतीला मी इथे पाहिजे होतो.

वच्छलाबाईंचे वडील बापूराव, खाणीतून रिटायर झालेले, त्यांनाही पेसमेकर आहे. म्हणजे भावी सासऱ्यांचं हृदय माझ्या फ्लॉपीत.

संकल्प: एक वर्ष कोणत्याही माणसावर हात उचलायचा नाही.

१६ मार्च

जीपचा ड्रायव्हर लालसू, भामरागडकडचा. वच्छलाबाई त्याच्याशी हसून बोलतात. आज अंगणात मला अडवून विचारतो, काहो गुणवंतभाऊ, तुमचा कंप्युटरचा डब्बा चहा करते का? मी बुक्की हाणली. तो बाजूला सरकला. बुक्की जीपला लागली.

बँडेज वच्छलाबाईंनी बांधलं. म्हणाल्या, अहो कंप्युटरवाले, जीपनं काय बिघडवलं तुमचं? सगळ्यांना त्या भाऊ म्हणतात. लालसूभाऊ, कंपाउंडरभाऊ. मला एकट्याला 'अहो'. ह्याचा अर्थ लहान पोरालाही समजेल.

जीप हा माणूस नव्हे. संकल्प शाबूत.

२ एप्रिल

सगळं रेकॉर्ड चढवून झालं. डाव्या हाताने. मग जुनी कार्डं आणि ईसीजीच्या पट्ट्या दवाखान्यामागे नेल्या, रॉकेल ओतलं, पेटवल्या. वच्छलाबाई आडव्या आल्या. राहू द्या ना, खाऊन राह्यल्या का तुमचं काही? मी म्हणालो, कंप्युटर असताना कागद ठेवणं हा कंप्युटरचा अपमान आहे. भडका उडाला, माझी एक भुवई गेली. भिंतीवरची नावांची यादी तेवढी ठेवली.

डॉक्टर नागपूरहून आले, म्हणाले, कसला वास येतो? म्हटलं, प्रगतीचा.

११ एप्रिल

आज महिन्याच्या तपासणीचा सोमवार. सगळे आकडे फ्लॉपीत. कंप्युटरच्या क्लासमध्ये सांगत, दुसरी प्रत काढून ठेवा. भित्र्यांसाठी ठीक आहे.

फ्लॉपी आणि चुंबक, पेसमेकरच्या दिवशी दोन्ही लागतात आणि नेमके दोन्ही सापडत नाहीत. आज कायमचा बंदोबस्त केला. फ्लॉपी लोखंडी कपाटाच्या दारावर धरली आणि वरून चुंबक चिकटवलं. गच्च! ह्याला म्हणतात शिस्त.

९ मे, सकाळी

फ्लॉपी कोरी आहे.

पुन्हा घातली. कोरी. कंप्युटरला दोन थपडा दिल्या. कोरी. कीबोर्डवर मूठ मारली, एक बटण उडून एसीत गेलं. एसी खडखडतो आहे. बाहेर पेशंटची रांग लागली आहे, ऊन असं की कावळेसुद्धा तोंड उघडून बसलेत.

लालसूचं काम असणार. जीव घेईन.

रात्री

संकटात माझं डोकं चालतं हे आज सिद्ध झालं. वच्छलाबाईंनी आजचा आकडा ओरडून सांगायचा, मी तोच आकडा मागच्या खेपेचा म्हणून वाचून दाखवायचा. कोणाचीच बॅटरी उतरलेली नाही! डॉक्टर म्हणाले, कंप्युटर आल्यापासून पेशंटही सुधारले.

बापूरावांचे बहात्तर भरले. मीही म्हणालो, मागचे बहात्तर. वच्छलाबाई थबकल्या. जास्त होते ना हो बाबाचे? मी म्हणालो, कंप्युटर खोटं बोलत नाही. बापूराव म्हणाले, पण पोरा, जिना चढलो का डोयापुढं अंधारी येते मले. मी म्हणालो, ऊन आहे.

भिंतीवरच्या यादीतले देवाजी आले नाहीत. त्यांनाही दोन्ही महिने ऐंशी-ऐंशी दिले. गैरहजर माणसाचं नुकसान नको.

१८ मे

कीबोर्ड दुरुस्त करायला कंपनीचा इंजिनिअर आला. कपाट पाहिलं. फ्लॉपी पाहिली. चुंबक पाहिलं. हे कोणी लावलं, विचारलं आणि खाली बसून हसत सुटला. म्हणाला, भाऊ, चुंबकानं फ्लॉपी पुसून जाते, तुम्ही तर तिचं तेरावंच घातलं.

त्याला मारता येत नव्हतं. कीबोर्ड त्याच्या हातात होता.

लालसू इंजिनिअरसाठी जेवणाचा डबा घेऊन आला होता. तो हसला नाही. अंगणात गाठून हळूच म्हणाला, फ्लॉपी पुसली होती तं त्या सोमवारी मागचे आकडे कुठून वाचले, गुणवंतभाऊ? मी म्हणालो, तोंड बंद ठेव. तो म्हणाला, बापूरावचा बी आकडा मनानंच सांगितला काय?

मी जीप सुरू करायचं लोखंडी हँडल उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. ह्या वेळी तो सरकला नाही. भळाभळा रक्त. माझ्या नव्या शर्टावर उडालं. त्याने एका हाताने माझ्या हातातलं हँडल काढून घेतलं, जीपमध्ये जागेवर ठेवलं आणि चालत ड्रेसिंगला गेला. परत एक फटकासुद्धा मारला नाही. भेकड!

वच्छलाबाई टाके घालताना त्याने माझं नाव सांगितलं नाही. म्हणाला, बाई, माह्यं राहू द्या, आधी तुमच्या बाबाले बलवा, आत्ताच्या आत्ता तपासा.

चुगलखोर.

संध्याकाळी

बापूरावांच्या छातीवर चुंबक ठेवलं. त्रेसष्ट. मी दारातून पाहत होतो. वच्छलाबाईंचा हात पट्टीवरच राहिला. बापूराव उठायला गेले आणि टेबलाच्या पायाशी कोसळले. ओठ निळे. त्यांनी बापाला हलवलं, बाबा बाबा केलं. तो आवाज लिहिता येत नाही.

नागपूरला न्यायचं ठरलं. ड्रायव्हर एकच. डोक्याला पट्टी बांधून लालसूनेच जीप काढली. मी म्हणालो, मी येतो, धरून बसतो. वच्छलाबाईंनी माझ्या छातीवर हात ठेवून मागे ढकललं. जीपच्या धुरात उभा राहिलो.

त्यांनी मला स्पर्श केला, ह्याचीही नोंद असावी.

२० मे

डॉक्टरांनी प्रिंटआउट काढला. मागचा आकडा आणि ९ मेचा आकडा, सगळ्यांचे सारखे. बोट फिरवत देवाजींपाशी थांबले. म्हणाले, गुणवंता, देवाजी दिवाळीत वारले.

मी म्हणालो, मग त्यांची बॅटरी चांगली निघाली म्हणायची.

डॉक्टरांनी पेपरवेट फेकलं. माझी उरलेली भुवई फुटली. म्हणाले, बाकी सगळ्यांना गावोगावून परत आणून तपासतो, मग तुझं पाहतो.

४ जून

बापूराव नवी बॅटरी बसवून परत आले. फाटकात गाठलं. भाषण तयार होतं, माफीचं कमी आणि लग्नाचं जास्त. त्यांनी ऐकून घेतलंच नाही. म्हणाले, पोरा, राग तुले येते अन् बॅटरी लोकाची उतरते. घरी जाय.

मनाई केली नाही. आशेला जागा आहे.

१३ जून

काढलं. मला काय काढणार? मीच सोडणार होतो. सकाळीच ठरवलं, जाताना काचेचं दार असं आपटायचं की भद्रावतीपर्यंत आवाज जावा. कॉलेज सोडताना आपटलं होतं, तिथली काच अजून बसवलेली नाही म्हणतात.

आत लालसू, डोक्यावर टाक्यांचा वण, कंप्युटरवर चादर घालत होता. वच्छलाबाई नव्या कार्डांवर पट्ट्या डकवत होत्या. मी किल्ली टेबलावर आपटली. कोणी वर पाहिलं नाही. वच्छलाबाईंपुढे गाल करून क्षणभर थांबलो. निदान एक थप्पड तरी. त्यांनी गोंदाची बाटली उचलली.

बाहेर आलो. चपला घातल्या. दोन्ही हातांनी, सगळ्या ताकदीनिशी दार फेकलं.

त्या दाराला वर ते आपोआप, हळूहळू लावणारा दांडा बसवला आहे. दार अर्ध्यावर थांबलं, सुस्कारा टाकला आणि मुंगीच्या पावलाने येऊ लागलं. मी वाट पाहत उभा. बोटभर फट राहिली आणि ते अडकलं.

आतून वच्छलाबाई म्हणाल्या, गुणवंतभाऊ, दार लावून घ्या, गार हवा जाऊन राह्यली.

भाऊ.

मी हाताने हळूच ढकललं आणि दार लावून घेतलं.