दहाव्या रेघेवरचा ठिपका

आबा,

परवा दादाने भुसावळचं घर रिकामं केलं आणि तुमची गिटार माझ्याकडे जळगावला पाठवून दिली. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, आणि त्याआधीही कितीतरी वर्षं मी तिच्या पेटीला हात लावला नव्हता. आज सकाळी चहा झाल्यावर ती उघडली, फडक्याने गिटारीची मान पुसली आणि रेघा मोजल्या. ठिपका नवव्या रेघेवर आहे. मी पुन्हा मोजलं, मग एकेका रेघेवर बोट ठेवून मोजलं. नववीच. तुमच्याविरुद्ध आयुष्यभर मी एकच गोष्ट मनात धरून ठेवली होती, की त्या दिवशी धुळ्याला मी चुकले नव्हते, तुमच्या गिटारीवरचा ठिपका भलत्याच जागी होता. आणि आता तो ठिपका शहाण्यासारखा आपल्या जागेवर बसून माझ्याकडे बघतोय. मग इतकी वर्षं मी कोणावर रुसून बसले होते?

रेल्वे कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही वर्कशॉपमधून डब्यांच्या लाकडाला पॉलिश करून आलेले, नखं अजून तपकिरी. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात ती पोलादी कांडी. कांडी तारांवर ज्या रेघेवर ठेवाल तो सूर. रेघा सगळ्या सारख्याच दिसतात म्हणून तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या रेघेपाशी शिंपल्याचे पांढरे ठिपके बसवलेले असतात. मला ते फार आवडायचे. तुम्हाला त्यांचा राग. ज्या इंजिन ड्रायव्हरकडून तुम्ही शिकलात, त्याने तुम्हाला कधी खाली बघू दिलं नव्हतं म्हणे. तुम्ही माझ्या गिटारीच्या मानेवर अंगपुसणं टाकायचात आणि म्हणायचात, "ती देख तुनी माय. तव्याकडे देखस का ती? तरी भाकर बरोबर पलटस." आई खरंच आपल्याकडे बघून हसत कळणाची भाकरी उलटत असायची. मी मात्र तुमची पाठ वळली की अंगपुसण्याचं टोक हळूच वर करायचे. ठिपके पाठ झाले, गाणी बसली, आणि तुम्हाला वाटलं पोरीचे कान तयार झाले.

साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ती धुळ्याची गोष्ट. एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरचं लग्न, संध्याकाळचा स्वागतसमारंभ, आणि आपल्या ऑर्केस्ट्रात पहिल्यांदाच तुमच्याऐवजी गिटार मी एकटी वाजवणार. एस.टी.च्या टपावरून सामान उतरवताना माझ्या गिटारीची मान निखळली. तुम्ही जराही विचार न करता स्वतःची गिटार सुरात लावून माझ्या मांडीवर ठेवलीत आणि समोरच्या रांगेत जाऊन बसलात. नवी इस्त्रीची टोपी, हात गुडघ्यांवर. तिथे अंगपुसणं नव्हतं. मी ठिपके बघितले आणि सुरू केलं. पाचवी बरोबर, सातवी बरोबर, आणि मग तो लांब सूर, जो नववीवर यायचा. मी ठिपक्यावर कांडी ठेवली. सूर अर्धी पायरी वर गेला. शेजारचा अकॉर्डियनवाला कुजबुजला, "अक्का, वर चालनी तू, खाले ये." पण ठिपका तर तिथेच होता. दुसऱ्या ओळीला परत तेच, तिसऱ्या ओळीला परत तेच. बायका हसायला लागल्या, कोणीतरी मोठ्याने नाश्त्याच्या प्लेटा मागवल्या, आणि तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. तुमचा तो चेहरा मी विसरू शकलेले नाही.

परतीच्या गाडीत मी रेघा मोजल्या. ठिपका दहावीवर होता. कोणत्या कारखान्याने असा लावला देव जाणे, पण होता. मी तुम्हाला दाखवायला गेले तर तुम्ही बघितलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत म्हणालात, "ठिपका देखीसन वाजाडस तू? तुना कान कोठे शेतस?" बस्स. माझे कान कुठे आहेत, या एका प्रश्नाने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, यांना ठिपक्याचं ठाऊक होतं आणि मुद्दाम सांगितलं नाही. भुसावळला पोचल्यावर मी जाहीर केलं की यापुढे मी गिटारीला हात लावणार नाही. तुमच्यासारखीच हट्टी निघाले मी, दुसरं काय.

तर आज सकाळी हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि मी दहाव्या रेघेपाशी नख फिरवलं. नख किंचित अडकलं. चष्मा पुसून गिटार उजेडात धरली, तेव्हा दिसलं. तिथे एक गोल खड्डा होता, काळी लाख भरून, घासून, वर पॉलिश फिरवलेला. रेल्वेच्या डब्यांना फिरवायचात तसलंच. ठिपका तुम्ही उपटून काढला होता आणि नववीवर नेऊन बसवला होता. आबा, मला ओरडावंसं वाटलं. ठिपके दिसले की कपाळाला आठ्या घालणारे तुम्ही, माझ्यासाठी ठिपका बसवत होतात? आणि खाली कधी बघितलंच नसेल, तर तो चुकीच्या जागी आहे हे तुम्हालाही त्या दिवसापर्यंत माहीत नसणार. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नाही.

मग ती दुपार आठवली, धुळ्यानंतर दोन-तीन महिन्यांनीची. मी तांदूळ निवडत होते. तुम्ही गिटार माझ्या शेजारी आणून ठेवलीत आणि म्हणालात, "ले ना माय, एकदाव वाजाडी देख." मी मान वर न करता म्हटलं, "नको." तुम्ही गिटार पेटीत ठेवून बाहेर गेलात. एक शब्द जास्त बोलला असतात तर काय बिघडलं असतं? आणि मी एकदा, फक्त एकदा, त्या मानेकडे बघितलं असतं तर?

तारा गंजल्या आहेत, दोन तुटल्या आहेत. उरलेल्या लावून मी कांडी नववीवर ठेवली आणि तो लांब सूर वाजवला. बरोबर लागला. ठिपक्याकडे बघूनच वाजवला, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आज या कागदावर लिहून तुमच्याच पेटीत ठेवते आहे. धुळ्याला पहिल्याच वेळी मला ऐकू आलं होतं, आबा. अकॉर्डियनवाला बोलायच्या आधीच. कान तुम्ही म्हणालात तसे हरवले नव्हते. ठिपका समोर होता म्हणून मी त्यांचं ऐकलं नाही.