व्हर्लीच्या डिपमधली परकी कोळंबी

बिलॉक्सी, २७ डिसेंबर

प्रिय ओडीलताई,

तुम्हाला आणि तुमच्या उजव्या गुडघ्याला लेओन्सचा नमस्कार. (डावा बरा आहे असं तुम्ही मागे कळवलं होतं, म्हणून त्याची चौकशी करत नाही.) मेम्फिसला थंडी जोरात असेल. मी ठीक आहे, जेवणाचं म्हणाल तर जेवतो. पत्र लांबणार आहे, तेव्हा कॉफी घेऊनच बसा आणि मधे राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या चर्चच्या हॉलमधली नाताळची पार्टी तुम्हाला नवी नाही. टेबलावर कोणाचं काय, हे तीस वर्षांपूर्वीच ठरून गेलंय. युफ्राझीमावशींचं हॅम खिडकीशी आणि आपल्या व्हर्लीचं कोळंबीचं थंड डिप मधोमध, बिस्किटाला लावून खायचं, माशाच्या साच्यातून काढलेलं, डोळ्याच्या जागी ऑलिव्ह. दुसऱ्या कोणी ते करायचं नाही. मार्चमध्ये व्हर्ली गेली, तेव्हा यंदा तिची जागा मोकळी ठेवायची असं बायकांनी ठरवलं. त्यांनी प्रेमानेच ठरवलं, पण माझं डोकं फिरलं. मोकळी जागा माझ्या घरात हवी तेवढी आहे, ती बघायला हॉलमध्ये कशाला जायचं? मी सांगून टाकलं, डिप येईल. (चाळीस वर्षं मी जहाजांचे पत्रे जोडले. चीज आणि कोळंबी जोडायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं.)

तिचं पाककृतीचं कार्ड पिठाच्या डब्यामागे मिळालं. पहिलीच ओळ : ‘अल्सिडची कोळंबी, दोन पौंड.’ नुसती कोळंबी नव्हे, अल्सिडची. तुमचा भाऊ अल्सिड आणि मी मार्चपासून बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला बहीण आईशेजारी पुरायला हवी होती, मी तिला आमच्या नेकेस घराण्याच्या जागेत पुरलं, आणि कबरीची माती ओली असतानाच आम्ही एकमेकांना नको ते बोललो. तरी मी गाडी काढून धक्क्यापर्यंत गेलो. तो बोटीवर जाळं शिवत बसला होता. मी दोन मिनिटं गाडीतूनच पाहिलं, गाडी वळवली आणि सरळ सुपरमार्केटात जाऊन गोठवलेल्या कोळंबीच्या दोन पिशव्या आणल्या. कुठल्या देशाची ते पिशवीवर छापलं होतं. मी चष्मा लावला नाही, मुद्दामच.

पुढचं सगळं त्या एका चुकीची पिल्लावळ. वेळ नव्हता म्हणून मी ती कोळंबी गरम पाण्यात सोडली, तर ती बाहेरून शिजली आणि आतून बर्फच राहिली. पाठीतला काळा दोरा काढायचा असतो हे निम्मी कोळंबी वाटून झाल्यावर आठवलं. क्रीम चीज, पातीचा कांदा, लिंबू हे सगळं कार्डाप्रमाणे घातलं, पण जिलेटिन दुप्पट घातलं. (मला वाटलं, सांधा पक्का झालेला बरा.) दुसऱ्या दिवशी मासा साच्यातून निघेना. साचा आपटला, गरम फडक्याने शेकला, शेवटी व्हर्लीचा हेअर ड्रायर लावला, तेव्हा मासा निघाला पण शेपूट आतच राहिलं. ते मी चमच्याने खरवडून चिकटवलं. ऑलिव्ह नव्हतं म्हणून कोटाचं बटण लावणार होतो, पण मनुका सापडली.

पार्टीत सगळ्यांनी कौतुकाने बिस्किटावर घेतलं आणि एकमेकांकडे पाहिलं. ताई, त्या हॉलमध्ये बोटीवर वाढलेली माणसं बसलेली. त्यांना तोंडात घातल्याबरोबर कळतं. युफ्राझीमावशींनी घास कसाबसा गिळला आणि विचारलं, “लेओन्स, कोळंबी कुठली रे ही?”

अल्सिड दोन हातांच्या अंतरावर उभा होता. सुपरमार्केटची म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हणालो, “अल्सिडची.”

सगळ्या माना तिकडे वळल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, “हो, माझीच.” मग तो टेबलाशी आला आणि सगळ्यांदेखत त्याने तीन वेळा डिप घेऊन खाल्लं. मला तिथेच मेल्यासारखं झालं.

नववर्षासाठी गाव त्याच्याकडेच कोळंबी सांगून ठेवतं. यंदा मावशींनी दुसऱ्या बोटीला सांगितली, आणि त्यांच्यामागून इतर चौघींनी. बापाच्या वेळेपासून कमावलेलं नाव मी एका बशीत घालवलं. व्हर्लीच्या नावाने केलं आणि तिच्याच भावाच्या अंगावर टाकलं. झोपताना तेच डोळ्यांसमोर येतं. असो. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
लेओन्स

ता. क. : लिहायचं होतं ते राहूनच गेलं. अल्सिडला एक फोन करा. तुमचं तो ऐकतो. रविवारी प्रार्थनेनंतर मी हॉलमध्ये उभा राहून खरं सांगणार आहे, त्याने त्या वेळी यावं, एवढंच सांगा. त्याच्यासमोर आधी एकट्याने उभं राहायची माझी हिंमत नाही.

ता. क. २ : फोन करू नका. हे पत्र टाकायला गेलो, पण टपालपेटी धक्क्याच्या रस्त्यावर आहे हे मी विसरलो होतो. त्याने बोटीवरून पाहिलं आणि हाक मारली. मी तिथेच सगळं सांगितलं आणि विचारलं, तू गप्प का राहिलास? म्हणाला, “मग काय करू? बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत खोटा पाडू?” आणि वर म्हणाला, “डिप मात्र घाण होतं.” रविवारी मी बोलणार ते बोलणारच, तो नको म्हणतो तरी.

ता. क. ३ : आता खरी विनंती. आत्ता तो माझ्या स्वयंपाकघरात बसलाय, पुढ्यात बादलीभर कोळंबी आहे. रविवारी हॉलमध्ये डिप पुन्हा न्यायचं ठरलंय. पण कोळंबी किती वेळ उकळायची ते कार्डावर नाही, आणि आम्हा दोघांनाही माहीत नाही. तीस वर्षं तो तिला दारात बादली देऊन जायचा आणि मी टेबलाशी बसून खायचो. मधलं आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असेल तर या.