बिनविरोध गावात अक्कांचा अर्ज

प्रिय अक्का,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत तुमच्या शेंगाचटणीच्या आठवणी निघाल्या, रागाच्या निघाल्या. पण तुम्ही पंचायतीला उभ्या राहिला होता, हे कुणी ओठांवरसुद्धा आणलं नाही. मला ते सोसवेना. म्हणून लिहायला बसले.

मी तुमची धाकटी जाऊ होऊन आले, तेव्हा या गावात पंचायतीचं मतदान कधी होतच नव्हतं. चार मोठी माणसं देवळात बसायची, नावं ठरवायची, नारळ फोडायची. "आमच्या गावात एकी हाय," असं मंद्रूपच्या बाजारात अभिमानानं सांगायची. आपल्या गल्लीचे मेंबर कायम गिरणीवाले तात्या. गल्लीत मात्र ते कधी कुणाला दिसले नव्हते!

तुम्ही म्हणालात, "त्यास्नी आपल्या मताची गरजच पडंना, मग येतील कशाला?" आणि एस.टी.नं एकट्याच सोलापूरला जाऊन अर्ज भरून आलात. मला का नाही सांगितलंत, अक्का? मी आले असते की!

मग घरात केवढं वादळ! तुमचे मालक, आमचे थोरले भावजी, तुमच्याशी बोलेनासे झाले. तात्यांचा निरोप आला, अर्ज मागं घ्या, गावची एकी मोडतीय. निरोप आणणाऱ्याला तुम्ही आधी चहा पाजलात. मग म्हणालात, "आमाला न इचारता झालेली एकी कसली वो?"

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत आपली ज्वारी दळून मिळेना. आपण माळ्यावरचं जातं काढलं, दोघी समोरासमोर बसून दळू लागलो. माझ्या हाताला फोड आले, तर तुम्ही खुंटा आपल्याकडे ओढून घेतलात. सासरी माझं असं माणूस मला त्या दिवशी मिळालं.

मतदानाच्या दिवशी दुपार झाली तरी गल्लीतलं कुणी बाहेर पडेना. शेजारची गंगूबाई म्हणाली, "आमच्या मतानं काय हुतंय? सगळं ठरलेलंच असतंय."

"आज ठरलेलं न्हाय, म्हनून तर चल!" तुम्ही तिचा हात धरलात. "मला नगं दिऊस पायजे तर. पर दे."

असं सांगणारा उमेदवार कुणी पाहिला असेल का? गंगूबाई हसली, डोक्यावर पदर घेऊन निघाली, आणि तिच्यामागं एकेक बाई निघाली. शाळेतल्या मतदान केंद्रात माझं नाव मोठ्यानं पुकारलं गेलं. सासरी चारचौघांत माझं नाव तोवर कुणी घेतलंच नव्हतं!

तुम्ही हरलात, अगदी थोडक्यात. निकालाच्या संध्याकाळी तात्यांच्या गुलालाची मिरवणूक पहिल्यांदाच आपल्या गल्लीत आली. तुम्ही तात्यांपुढं पाण्याचा तांब्या धरलात. "प्या. आन् हे पानी आमी कुटनं आनतो, तेबी बगून जा." तात्या खरंच विहिरीपर्यंत चालत गेले. उन्हाळ्याआधी गल्लीत हापसा बसला. कुणी मानो न मानो, तो तुमचाच, अक्का.

आता पुन्हा निवडणूक आलीय, आणि देवळात पुन्हा बैठक बोलावलीय. काल पंगत उठल्यावर मी भीत भीत म्हटलं, "यंदा मी अर्ज भरते."

भावजींनी हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या. मग म्हणाले, "तिच्यासंगं मी गेलो न्हाय. तुमच्यासंगं येतो सोलापूरला." आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

जिंकेन की नाही, ठाऊक नाही. पण कुणीही दारात आलं तरी अर्ज मागं घेणार नाही. आणि जे मला देणार नाहीत, त्यांनाही मत द्यायला घरातून उठवून नेईन. हा माझा शब्द.

तुमचीच धाकटी,
महानंदा