दोनदा म्हटलेलं एकच वाक्य

माय, काल एका मराठी पुस्तकात ‘न्युआन्स’ असा शब्द आला. इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेला. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन माझं मीच केलं, त्यामुळे अडलं की थांबायची सवय आहे. तुझ्या जावयाचा जाड शब्दकोश उघडला. ते जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तो खाली काढताना अजून विचारावंसं वाटतं, घेऊ का म्हणून. त्यात लिहिलंय, रंगातला, अर्थातला किंवा आवाजातला अगदी बारीक फरक. शब्द फ्रेंचमधून आला आणि तिथं त्याचं मूळ ढग. ढगातला पांढरा कुठं संपतो आणि राखाडी कुठं लागतो, ते बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून असेल.

वाचलं आणि बेला गावच्या आपल्या घराची पडवी आठवली. मी दहाएक वर्षांची. झाडायला जागा हवी म्हणून पहिल्या वेचणीच्या कापसात शेवटच्या वेचणीचा टाकून दिलाय. तू शेतातून येतेस, ढिगाकडे बघतेस.

“काऊन मिसळवला वो?”

“दोन्ही पांढराच तं आहे.”

“मंग तुह्या मायची अन् मावशीची भाकरबी सारखीच असन. जाय, तिच्याकडंच राह्य.”

एवढं बोलून तू मला शेजारी बसवतेस आणि माझ्या तळहातावर दोन बोंडांचा कापूस ठेवतेस. एक दुधासारखा, दुसऱ्यावर जुन्या कागदाची नुसती सावली. दिवस मावळेपर्यंत आपण ढीग निवडला. शेवटी शेवटी मलाही दिसायला लागलं. तू पाटी कधी हातात धरली नाहीस, पण या शब्दाचं काम तू रोज करत होतीस.

माझे डोळे शिकले, कान तसेच राहिले. हे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. आपल्यात दुःखाच्या घरी जेवण शेजारून येतं, विधवेनं कोपऱ्यात बसायचं. तू मात्र सगळ्यांदेखत म्हणालीस, “ऊठ, भात टाक.”

मी म्हटलं, “तुले काहीच वाटून नाही राह्यलं का?”

“भात टाक, बाई.”

मला दोन्ही वेळा हुकूमच ऐकू आला. मी तुझ्या कानाशी म्हटलं, “तू जाय आपल्या घरी.” तू पिशवी उचललीस आणि दुपारची बस धरलीस. वर्षाच्या आत तूही गेलीस.

काल ते ‘भात टाक, बाई’ मी मनातल्या मनात पुन्हा ऐकलं. आवाज खाली गेला होता. लहानपणी मला ताप आला की तू अशीच ‘बाई’ म्हणायचीस. तुला स्वतःला पंचविशीत अशाच कोपऱ्यात बसवलं होतं, तिथून तुला कुणी उठवलं नव्हतं.

हे पान वहीतच राहील. पण एक सांगून टाकते. नणंद तेव्हा म्हणाली होती, “कशी माय आहे वो तुही, तिसऱ्याच दिवशी निंगून गेली.” विषय निघाला की अजून म्हणते. तुला जा म्हणणारी मीच होते, हे मी तिला कधी सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात ती पुन्हा म्हणाली, तेव्हाही मी मान डोलावली.