समोरचा हात नवा असेल तर

कोरमंगला, बंगलोर
१४ नोव्हेंबर १९९८

ती. भाग्यलक्ष्मीअक्का यांस,

साष्टांग नमस्कार. शाळेत पत्रलेखनाच्या मार्कांसाठी हा शब्द पन्नासदा लिहिला असेल, आज खरोखरचा घालतोय.

मी श्रीरंग दातार. पुण्याचा, इथे इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. गेल्या रविवारी तुमच्या बसवनगुडीच्या घरी येऊन गेलो तो मीच. तुम्ही हुबळीला गेला होतात. तुमचे भाऊ भगवंतराव भेटले. मी कन्नडमध्ये जुळवाजुळव करत होतो, तोच ते म्हणाले, “मराठी बोला की हो! आम्ही शहाजीराजांच्या वेळेपासनं इथंच आहोत. बसा. कॉफी घ्या स्वल्प.” स्वल्प म्हणता म्हणता दोन पेले कॉफी आणि ताटलीभर कोडबळी झाली. कोडबळी फार छान होती. तुम्ही केली होतीत का?

येण्याचं कारण असं. ई-मेलवरच्या आमच्या शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांच्या यादीत तुम्ही सप्टेंबरात आलात. जगभरचे दीड-दोनशे रेडिओवेडे, कोणी एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचतं. तुमचं पहिलं पत्र मला पाठ आहे: रोज संध्याकाळी साडेसहाला मोर्स येतो. पाठवणारा शिकाऊ आहे. हात अडखळतो. कोण आहे. कळवा. बस्स, एवढंच. खाली पूर्ण नाव आणि घराचा पत्ता. ई-मेलखाली पोस्टाचा पत्ता कोण घालतं, म्हणून तेव्हा हसलो होतो. त्याच पत्त्यामुळे तुमचं दार सापडलं.

आता ऐका गंमत. तो साडेसहाचा आवाज आम्ही चार महिने ऐकत होतो. मोर्सच्या टिंब-रेघांत पाच-पाच अक्षरांचे गट, अर्थ काही लागेना. मग काय विचारता! कोणी म्हणे हेरखातं, कोणी म्हणे पाणबुडी. एका जर्मन गृहस्थांनी तर त्यावर तक्ते केले. मागच्या महिन्यात आमची यादी सांभाळणारे म्हैसूरचे उपेंद्र यांनी आवाज टेपवर घेतला आणि ओळखीच्या एका जाणकाराला ऐकवला. तो हसायलाच लागला. म्हणाला, मधूनमधून आठ टिंबं येतात ना, ती चूक झाल्याची खूण. कोणीतरी सराव करतंय, चुकतंय, खोडतंय आणि पुन्हा पाठवतंय. तुम्ही एका ओळीत सांगितलं होतंत तेच! अक्का, तुम्हाला नुसत्या कानानं कसं कळलं हो? शिकाऊ हात वेगळा वाजतो? माणूस बदलला तर ओळखू येतं? मला असे वीसेक प्रश्न पडलेत.

तर उपेंद्रनी मला पाठवलं, की जा आणि त्यांना परत घेऊन ये.

इथपर्यंत पत्र चारदा लिहून झालंय. दर वेळी इथेच अडतो. उपेंद्रनी मलाच का पाठवलं, हे लिहिलं नाही तर हे पत्र पाठवण्यात काही अर्थ नाही.

भगवंतरावांनी कॉफी ओतता ओतता सांगितलं, “आमची अक्का तारेतली बाई. तेहतीस वर्षं तारघरात. तारेला बारीक अक्षर नस्तं, सगळी मोठीच. आणि शब्द जास्ती घालायचा नाही. तसंच लिहिली ती. तर तिथला कोण एक लाँगवायर म्हणून आहे बघा, नाव पण धड लावत नाही, तो अंगावर आला की हो तिच्या. त्या दिवशी सायबर कॅफेतनं आली ती रेडिओवर कापड घालून बसली. दीड महिना झाला, काढलं नाही.” मग मला म्हणाले, “तुमच्यासारखी सभ्य माणसं पण आहेत तिथं, सांगतो तिला.”

अक्का, लाँगवायर मी.

मी खाली मान घालून कोडबळं चावत बसलो. “येतो” म्हणालो आणि चक्क पळालो. दोन पेले कॉफी पिऊन एक वाक्य बोलायचं धाडस झालं नाही.

ई-मेलमध्ये सगळं इंग्रजी मोठ्या, कॅपिटल अक्षरांत लिहिलं की त्याला ओरडणं समजतात. हा नियम आम्हीच आपसांत ठरवलेला, तुम्हाला तो कोणी सांगायचा? विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी लिहिलं, “ओरडताय काय? हा बाजार नाही. आधी जुनी पत्रं वाचा, मग तोंड उघडा. इथे शिकवणी चालत नाही.” अकरा जणांनी वाहवा केली. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. तुमचं उत्तर तासाभरात आलं. माफ करा. नाव काढा. तेही मोठ्या अक्षरांत. त्यावरही मी एक विनोद केला. तो इथे लिहवत नाही.

आणि हे करणारा मी कोण? दोन वर्षांपूर्वी खिडकीच्या गजांना एरियलची तार गुंडाळून “काहीच कसं ऐकू येत नाही?” विचारणारा. तेव्हा याच उपेंद्रनी आकृत्या काढून चार पानी उत्तर धाडलं होतं. या गावात नवा होतो तेव्हा रोज चुकीच्या बसमध्ये चढायचो, आणि रोज कोणीतरी हाताला धरून योग्य थांब्यावर उतरवायचं. एकानंही म्हटलं नाही की आधी नकाशा वाच.

तुमचं म्हणणं खरं निघालं म्हणून माफी मागतोय असं कृपा करून समजू नका. सुरुवातीला तसंच होतं, कबूल करतो. घरी यायला तयार झालो ते त्या साडेसहाच्या नादानं. पण मग तुमच्या बैठकीत तो कापड घातलेला रेडिओ बघितला. तुम्हाला मोर्समधलं काहीही कळत नसतं तरी ते कापड माझ्यामुळेच पडलं असतं.

यादीवर सगळ्यांसमोर माफी मागितली आहे, खऱ्या नावानं. तुम्ही परत आलात तर आनंद होईल. नाही आलात तर निदान रेडिओवरचं कापड तेवढं काढा. माझ्यासाठी नको, त्या शिकाऊसाठी काढा. त्याला शिकाऊ म्हणून ओळखणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

भगवंतरावांना मी कोण ते सांगा. पुढच्या वेळी कॉफी मिळाली नाही तरी चालेल.

आपला अपराधी,
श्रीरंग दातार


बसवनगुडी
२३ नोव्हेंबर १९९८

चि. श्रीरंग यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. दोनदा वाचलं. कोडबळी माझीच.

राग आला होता. रागापेक्षा लाज वाटली. चौसष्ट वय. तेहतीस वर्षांत ओरडू नका कोणी म्हटलं नव्हतं.

तुझे वीस प्रश्न समोर बसून विचार. एकाचं उत्तर आत्ता देते. हात ओळखू येतो. चाल ओळखू येते तसा.

एकोणसाठ साली तारघरात लागले. पहिल्याच दिवशी समोर मद्रासचा कोणी होता. त्याचा हात पंख्यासारखा फिरे. मी मागे पडे. पुन्हा पाठवा म्हणे. चौथ्या वेळी त्यानं काही न बोलता हात हळू केला. माझ्या चालीवर आणला. महिनाभर तसाच ठेवला. त्याचं तोंड कधी पाहिलं नाही. नावही ठाऊक नाही. पुढे कळलं, रीतच होती आमच्यात. समोरचा हात नवा असेल तर आपला हळू करायचा. पुस्तकात नव्हती. पण सगळे पाळत. मीही पाळली.

तुमच्या यादीत अशी रीत नसेल तर घाला. नव्याचं पहिलं पत्र आलं की उत्तर तू द्यायचं. हीच माझी अट. कबूल असेल तर नाव पुन्हा लाव.

बारीक अक्षर शिकते आहे. सायबर कॅफेतली मुलगी दाखवते. स्वल्प वेळ लागेल. सांभाळून घ्या.

भगवंताला सांगितलं. तो आधी तापला. मग म्हणाला, सरी, बरं, येऊ दे, पण लाँगवायरला कॉफी एकच पेला.

कापड काढलं. साडेसहाचा अजून येतो. काल पूर्ण एक ओळ न खोडता पाठवली. मी इथे बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. त्याच्यावर कोणी ओरडलं नसावं.

तुमची नवी सभासद,
अक्का